खोली सुटण्याआधी

या संवादातले मामा राज्याच्या लेखा व कोषागारे संचालनालयातून निवृत्त झालेले. हयातभर त्यांनी सरकारी बिलं तपासली, हरकती काढल्या, मार्चअखेरची धावपळ सोसली. भाची मुंबईतल्या एका सार्वजनिक रुग्णालयात वैद्यकीय समाजसेवक आहे. दोघंही मी बऱ्याच जणांच्या बोलण्यातून घडवलेली पात्रं आहेत, मात्र त्यांच्यातला वाद खरा आहे. भाड्याच्या खोलीत राहणारं गरीब कुटुंब आजारपणाने किंवा काम सुटल्याने रस्त्यावर येण्याच्या बेतात असेल, तर त्याला वेळीच सावरायला राज्य सरकारने कायद्याने बांधलेला वेगळा निधी ठेवावा का? ठेवावा, असं माझं ठाम मत आहे. पण मंत्रालयात अशा मागणीवर निधीअभावी शक्य नाही असा शेरा पडतो, तेव्हा तो मारणारा माणूस दुष्ट नसतो. त्याच्या शंकांना उत्तर देता आलं पाहिजे.

मामा : या निधीच्या मागणीचं तुझं टिपण दोनदा वाचलं. कळकळ पोचली. पण कळकळीवर तरतूद होत नाही. आधी मला सांग, माणसं किती? २०११ च्या जनगणनेत देशात १७ लाख ७३ हजार बेघर मोजले गेले. मुंबईत ५७ हजारांच्या आसपास. त्यांच्यासाठी निवारा केंद्रांची योजना आहे. मग हा आणखी एक निधी कशाला?

भाची : निवाऱ्यांचा निकष तुम्हाला माहीतच असेल. लाख लोकवस्तीमागे किमान शंभर जणांचा एक निवारा, बारा महिने चोवीस तास उघडा. मुंबईची लोकसंख्या २०११ साली सव्वा कोटीच्या घरात होती, म्हणजे सव्वाशे निवारे हवेत. आहेत ते त्याच्या पासंगालाही पुरत नाहीत. तरी मी निवाऱ्यांसाठी तुमच्याकडे आलेले नाही. जनगणनेत मोजले गेले ते त्या रात्री उघड्यावर सापडलेले लोक. मी ज्यांच्याबद्दल लिहिलंय ते आज रात्री खोलीत झोपणार आहेत आणि दोन महिन्यांनी नसतील. त्यांची मोजणी कुठेच होत नाही.

मामा : कोण हे लोक? नुसतं ‘गरीब कुटुंब’ म्हणू नकोस.

भाची : गोवंडीतली एक खोली डोळ्यांसमोर आणा. दहा बाय बारा. वर पोटमाळा, तिथे दुसरं बिऱ्हाड, त्यांची लोखंडी शिडी दारालगत. भाडं साडेपाच हजार, लाइटबिल वेगळं, डिपॉझिट तीस हजार. नवरा टेम्पोवर माल चढवतो, रोजावर. बायको दोन घरची धुणीभांडी करते आणि रात्री इमिटेशनच्या माळा ओवते, डझनावर पैसे मिळतात. दोन मुलं, थोरली सातवीत. नवऱ्याला संध्याकाळी ताप भरतो, खोकला हटत नाही. दीड-दोन महिने गल्लीतल्या डॉक्टरची इंजेक्शनं होतात. मग आमच्याकडे येतो, थुंकी तपासतात, क्षय निघतो.

मामा : क्षयाची औषधं फुकट आहेत.

भाची : फुकट आहेत आणि चांगली आहेत. सहा महिने गोळ्या. पोषणासाठी केंद्राकडून महिन्याला पाचशे मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून हजार मिळतात. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण ओझं उचलायचं काम बंद झालेलं असतं. मग बायको घरमालकिणीला म्हणते, ‘ताई, डिपॉझिटमधून कापून घ्या.’ हे वाक्य कानावर पडलं की मी बोटांवर मोजायला लागते. तीस हजारांतून दरमहा साडेपाच हजार गेले की साडेपाच महिन्यांत डिपॉझिट संपतं. त्यातले दोन महिने निदान होण्याआधीच गेलेले असतात. म्हणजे उपचाराच्या चौथ्या महिन्यात खोली सुटते आणि गोळ्या अजून दोन महिन्यांच्या बाकी असतात.

मामा : पुढे?

भाची : बायको मुलांना घेऊन जालन्याला माहेरी जाते, थोरलीची शाळा अर्ध्यात. नवरा काम मिळेल या आशेने इथेच राहतो, पुलाखाली. एका रात्री उशाची पिशवी चोरीला जाते. तिच्यात आधार कार्ड, उपचाराचं कार्ड, गोळ्या. तोवर त्याला थोडं बरं वाटायला लागलेलं असतंच, गोळ्या सुटतात. वर्षभराने तो पुन्हा आमच्या दारात येतो तेव्हा नेहमीची औषधं लागू पडत नाहीत. त्या क्षयाचा इलाजही सरकारच करतं, मामा. तुमच्याच कोषागारातून, साध्या क्षयाच्या कैक पट खर्च करून. शिवाय तोवर त्याने आणखी किती जणांना आजार दिला ते वेगळंच. खोली सुटायच्या वेळी तीन महिन्यांचं भाडं दिलं असतं तर साडेसोळा हजार लागले असते.

मामा : हे ऐकून कुणाच्याही पोटात तुटेल. पण धोरण एका कुटुंबावर ठरत नाही. भाडं थकलेले शंभर जण घे. त्यातले कितीतरी बहिणीकडे जातात, गावी जातात, मित्राच्या खोलीत पथारी टाकतात, भिशी उचलतात, कर्ज काढतात. पुलाखाली जाणारे मोजके. तू शंभरांना पैसे वाटणार आणि उपयोग होणार तो मोजक्यांना. लेखापरीक्षक हेच विचारेल.

भाची : हा प्रश्न शिकागोत विचारला गेलाय. तिथे अडचणीतल्या भाडेकरूंनी फोन करायचा आणि निधी असेल तर एकरकमी मदत मिळायची. पण निधी कधी असायचा, कधी नसायचा, आणि फोन करणाऱ्याला ते आधी कळायचं नाही. म्हणजे एकाच तऱ्हेच्या माणसांपैकी काहींना मदत मिळाली, काहींना निव्वळ त्या दिवशी पैसे नव्हते म्हणून मिळाली नाही. अभ्यासकांनी दोन्ही गटांचा माग काढला. तो निबंध २०१६ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. मदत मिळालेले लोक पुढच्या सहा महिन्यांत बेघर निवाऱ्यात जाण्याचं प्रमाण ७६ टक्क्यांनी कमी भरलं.

मामा : आणि मदत न मिळालेल्यांपैकी बहुतेक जण तरी निवाऱ्यात गेले का?

भाची : नाही. बहुतेक जण तसेही गेले नसते. तुमचा मुद्दा बरोबर आहे. पण त्याच अभ्यासात दिसलं की सर्वांत कमी उत्पन्न असलेल्यांना फायदा सर्वांत जास्त झाला. म्हणून मी खिडकी उघडून रांग लावा असं म्हणतच नाही. जिथे माणूस घसरताना दिसतो तिथे पैसे ठेवा. क्षय, कर्करोग, अपघात यांच्या नोंदी रुग्णालयात होतात. मूल शाळेत यायचं थांबलं की शिक्षकाला पहिलं कळतं. शंभरांतले मोजके कोण, हे कागदावरून ओळखता येत नाही, पण आमच्या टेबलासमोर बसलेल्या बाईच्या दोन वाक्यांत कळतं.

मामा : ठीक. आता माझ्या बाजूला ये. २०२५-२६ च्या अर्थसंकल्पात राज्यावरच्या कर्जाचा अंदाज नऊ लाख कोटींच्या वर गेला. महसुली तूट ४५ हजार कोटींच्या वर. एकट्या लाडकी बहीण योजनेला ३६ हजार कोटी ठेवले. तुझ्या त्या बाईलाही दरमहा पंधराशे मिळत असतील. केंद्राचा पोषण आहार, महात्मा फुले जनआरोग्य योजनेतून उपचार, रेशन. प्रत्येक योजना कुणाच्या तरी अशाच खऱ्या दुःखातून निघालेली आहे. सुरू झालेली योजना बंद करता येत नाही, हे मी चाळीस अर्थसंकल्पांत नाही, पण पुरेशा अर्थसंकल्पांत पाहिलंय. आणि राज्यघटनेतलं कलम ४१ तू टिपणात दिलंस, ते अर्धंच दिलंस. बेकारी, म्हातारपण, आजारपण, अपंगत्व यांत सरकारी साहाय्य द्यावं असं ते सांगतं, पण राज्याच्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत.

भाची : मर्यादा ठरवते कोण? पंधराशे रुपये दरमहा घरी येतात, त्याने तेलमीठ सुटतं. मी ते काढून घ्या म्हणणार नाही. पण साडेपाच हजारांचं भाडं तीन महिने थकलं की पंधराशे रुपये खोली वाचवत नाहीत. सगळ्यांना थोडं देण्याने मोडणारं घर सावरत नाही, त्या घराला त्या आठवड्यात पुरेसं द्यावं लागतं. आणि कलम ४१ बद्दल म्हणाल, तर १९८५ साली ओल्गा टेलिस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने मुंबईच्या फूटपाथवरच्या माणसांविषयी निकाल देताना याच कलमाचा आधार घेतला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड होते. उपजीविकेचा हक्क हा जगण्याच्या हक्कातच येतो, असं त्यांनी म्हटलं.

मामा : आणि त्याच निकालात फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला परवानगीही दिली. पावसाळा जाऊ द्या, एवढंच म्हटलं.

भाची : हो. हक्क मान्य झाला आणि झोपड्याही तुटल्या. म्हणून तर मी कोर्टाकडून नाही, अर्थसंकल्पाकडून मागतेय.

इथे मला दोघांना थांबवून एक गोष्ट सांगितली पाहिजे. गरिबांसाठी सरकारने असा वेगळा पैसा उभा करणं महाराष्ट्रात पूर्वी झालेलं आहे, आणि एकदा नाही.

पहिल्या महायुद्धानंतर मुंबईत गिरणी कामगारांना राहायला जागा उरली नव्हती. तेव्हाचे गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या सरकारने बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट काढलं, आणि वरळी, नायगाव, डिलाईल रोड, शिवडी इथे चाळी उभ्या राहिल्या. आज आपण ज्यांना बीडीडी चाळी म्हणतो त्या याच. काँक्रीटच्या, एका खोलीच्या, १६० चौरस फुटांच्या, मिळून २०७ इमारती. त्यांत राहणाऱ्यांनी गैरसोयींबद्दल भरपूर बोटं मोडली, आणि ती रास्तच होती. पण त्या बांधायला पैसा आणला कुठून ते पाहण्यासारखं आहे. कर्ज काढलं, आणि मुंबईत येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गासडीमागे एक रुपया कर बसवला. ज्या धंद्यासाठी कामगार शहरात आला, त्याच धंद्याने त्याच्या छपराचा भार थोडातरी उचलावा, हा हिशेब परक्या सरकारलाही सुचला होता.

त्याचं मोल १९८२ मध्ये दिसलं. १८ जानेवारीला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा पगार थांबला. पुष्कळ जण गावी परतले, पुष्कळांचे अतोनात हाल झाले. पण गिरणगावातल्या चाळींमधली कितीतरी बिऱ्हाडं टिकली, कारण खोलीचं भाडं जुनं होतं, नाममात्र होतं. बायकांनी खाणावळी चालवल्या, पापड लाटले, भाजी विकली, मुलं शाळेत जात राहिली. पगार गेला तरी पत्ता गेला नाही. आज गोवंडीतल्या किंवा नालासोपाऱ्यातल्या भाडेकरूचं काम सुटलं तर त्याला हा अवधी मिळत नाही. त्याच्यापुढे अकरा महिन्यांचा करार असतो, बऱ्याचदा तोही नसतो.

मामा : तू त्या स्वस्त भाड्याचं गुणगान करतोस, पण ते भाडं गोठवलं कुणी? १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने. चाळ सरकारी असेल तिथे ठीक, पण खासगी मालकाला महिन्याला दहा-वीस रुपये मिळायला लागले तेव्हा त्याने डागडुजी सोडली आणि नव्याने भाड्याची घरं बांधणं कुणालाच परवडेना. पागडी आली. दर पावसाळ्यात जुन्या इमारती पडतात त्याचं एक मूळ तिथे आहे. गरिबाला दिलेला दिलासा एकट्या घरमालकाच्या खिशातून काढला, त्याची ही किंमत.

भाची : हे तुम्ही बोललात ते माझ्याच बाजूचं आहे. मी भाडं गोठवा म्हणत नाही. घरमालकाने फुकट ठेवावं असंही म्हणत नाही. माझ्या त्या खोलीची मालकीण म्हणजे कुणी धनदांडगी नाही, एक विधवा बाई आहे, खालच्या खोलीच्या भाड्यावर तिचं घर चालतं. भाडेकरूचं आजारपण तिने का सोसावं? ते सगळ्या समाजाने वाटून घ्यावं, म्हणूनच सरकारचा निधी हवा.

मामा : पण सरकार भाडं भरतंय म्हटल्यावर भाडी वाढतील. खोल्या तेवढ्याच आणि पैसा जास्त.

भाची : दरमहा कायमचं अनुदान दिलं तर वाढतील, मान्य. थकलेलं भाडं एकदाच, जास्तीत जास्त तीन महिन्यांचं, तेही मोजक्या कुटुंबांना, त्याने बाजारभाव हलणार नाही. खोल्या कमी आहेत हे दुखणं वेगळं आहे आणि मोठं आहे. २०११ च्या जनगणनेत मुंबईतच पावणेपाच लाखांच्या वर घरं रिकामी होती. २००८ साली एमएमआरडीएने भाड्याच्या छोट्या घरांची योजना आणली, ती पुढे गुंडाळली गेली आणि त्यातली काही घरं गिरणी कामगारांच्या सोडतीत गेली. तो विषय उद्याचा. घर बांधायला पाच वर्षं लागतात आणि माझ्या टेबलासमोरच्या बाईकडे पंधरा दिवस असतात.

मामा : बरं, पैसा कुठून?

भाची : तुमच्याच पगारातून आयुष्यभर कापला गेलेला कर आठवा. महिन्याला दोनशे, फेब्रुवारीत तीनशे.

मामा : व्यवसाय कर.

भाची : कशासाठी लावला होता?

मामा : रोजगार हमीसाठी. मला विचारतेस? मी त्या हिशेबांत वाढलो.

यानंतर मामा बराच वेळ बोलले, आणि ते मी थोडक्यात देतो, कारण नव्या पिढीला ही कथा माहीत नाही. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी ही कल्पना मांडली आणि आपल्या तासगाव तालुक्यात १९६५ च्या सुमारास ती करून पाहिली. १९७२ च्या दुष्काळात राज्यभर खडी फोडणाऱ्या, पाझर तलाव खणणाऱ्या लाखो लोकांनी तिची गरज सिद्ध केली. १९७५ मध्ये व्यवसाय कर आला, १९७७ मध्ये विधिमंडळाने कायदा केला, २६ जानेवारी १९७९ पासून तो अंमलात आला. मागेल त्याला काम, आणि पंधरा दिवसांत काम दिलं नाही तर बेकारी भत्ता. कराचं जेवढं उत्पन्न येईल तेवढीच भर सरकारने आपल्या तिजोरीतून घालायची, असंही बांधून घेतलं होतं. या कराचा मोठा हिस्सा मुंबईच्या नोकरदारांकडून यायचा आणि बीड-उस्मानाबादच्या रस्त्यांवर खर्च व्हायचा. देशाने २००५ साली ग्रामीण रोजगाराचा कायदा केला तेव्हा समोर हाच नमुना होता. मला विचाराल तर राज्य स्थापन झाल्यापासून महाराष्ट्राने केलेलं हे सर्वांत मोठं काम आहे.

भाची : त्या कायद्याने खेड्यातल्या माणसाला सांगितलं की दुष्काळ पडला तरी तू उपाशी मरणार नाहीस. शहरातल्या माणसाच्या दुष्काळाला पाऊस लागत नाही. एक अपघात पुरतो. त्याच्यासाठी अशी हमी का नाही?

मामा : व्यवसाय कराला राज्यघटनेनेच वर्षाला अडीच हजारांची मर्यादा घातलीय. १९८८ पासून ती तिथेच आहे. त्यातून आणखी काही निघणार नाही.

भाची : मग आजची कापसाची गासडी शोधू. मुंबईत आज सर्वांत जास्त उलाढाल कशाची? घरांची. २०२४ मध्ये शहरात एक लाख चाळीस हजारांवर दस्त नोंदले गेले आणि मुद्रांक शुल्काचे बारा हजार कोटींच्या वर जमा झाले. दर सहा टक्के, त्यात एक टक्का मेट्रो उपकर. म्हणजे एका टक्क्याला ढोबळमानाने दोन हजार कोटी. मी एक दशांश टक्का मागते. दोनशे कोटी. कुटुंबामागे वीस हजार धरले तर एक लाख कुटुंबं. एक कोटीचं घर घेणाऱ्याला दहा हजार रुपये जास्त पडतील.

मामा : (कागदावर आकडा मांडून) हिशेब बरोबर आहे. पण उपकराचं काय होतं ते मला विचार. बांधकाम खर्चावर एक टक्का उपकर मजुरांच्या कल्याणासाठी १९९६ च्या कायद्याने आला. देशभरात त्यात हजारो कोटी जमले आणि पडून राहिले, सर्वोच्च न्यायालयाने त्यावरून सरकारांना फटकारलं. पैसा गोळा करणं सोपं. योग्य माणसाला योग्य वेळी देणं, तिथे गाडं अडतं. आता माझा खरा आक्षेप ऐक, बाकीचे सगळे सोड. समजा निधी झाला. तू प्रस्ताव पाठवणार. तो तालुक्याहून जिल्ह्याला, तिथून मंजुरी, मग तरतूद वितरित व्हायची, मग बिल, बिलावर हरकत, हरकतीची पूर्तता. चार महिने. तुझ्या बाईकडे पंधरा दिवस. खोली गेल्यानंतर पैसे येणार, आणि तेव्हा ते कुणाच्या हातात पडतील हे मी तुला सांगायला नको. उशिरा आलेल्या पैशावरच गळती जमते.

या एका आक्षेपापुढे मागणीच्या बाजूने बोलणारे बहुतेक जण गप्प होतात. हक्क, घटना, माणुसकी या शब्दांना बिलाचा प्रवास लहान करता येत नाही. भाचीलाही लगेच उत्तर सुचलं नाही.

भाची : आमच्या रुग्णालयात एक गरीब रुग्ण निधी असतो. महापालिकेच्या रुग्णालयांत त्याला पुअर बॉक्स चॅरिटी फंड म्हणतात. बाहेरून एखादं औषध किंवा रॉड-स्क्रू आणायचे असले आणि पेशंटकडे पैसे नसले तर आम्ही घरची चौकशी करून शिफारस करतो आणि त्याच आठवड्यात, कधी त्याच दिवशी काम होतं. हाडात घालायच्या सळीला पैसे देताना माझ्या शब्दावर विश्वास ठेवतात. तोच माणूस प्लास्टर घेऊन कुठे झोपणार, यासाठी माझ्या शब्दाला किंमत नाही.

मामा : मग तुला अग्रधन पाहिजे. ते लिहिलंच नाहीस टिपणात.

भाची : म्हणजे?

मामा : कार्यालयाच्या हातात आधीच ठेवलेली रक्कम. खर्च झाला की व्हाउचर पाठवायचं आणि तेवढी रक्कम पुन्हा भरून घ्यायची. प्रत्येक वेळी मंजुरीसाठी वर जावं लागत नाही. किरकोळ खर्चासाठी सगळीकडे असतं. मोठ्या रुग्णालयाला पाच लाखांचं अग्रधन दे, एका कुटुंबामागे कमाल मर्यादा घाल, आणि निर्णयाला मुदत लाव, रोजगार हमीत होती तशी. दहा दिवसांत हो किंवा नाही, नाही असेल तर कारण लेखी. शिल्लक रक्कम ३१ मार्चला व्यपगत होता कामा नये. वर्षाचा हिशेब विधिमंडळापुढे. एवढं असेल तर मी आक्षेप मागे घेतो असं नाही, पण मग त्यावर बोलता येईल.

भाची : आणि पैसे घरमालकाच्या खात्यात. बाईच्या हातात रोख नको, तिला सावकार गाठतो.

मामा : ते तर हवंच. सोबत नोंदणीकृत भाडेकरार जोडायचा.

भाची : तिथे सगळं मोडेल, मामा. वस्तीतल्या खोलीला नोंदणीकृत करार नसतो. मालकाच्या नावावरच कागद नसतो. करार मागितला तर ज्यांना सर्वांत जास्त गरज आहे तेच गळतील, आणि उरतील ते वडाळ्याच्या टॉवरमधले.

मामा : करार नाही, पावती नाही, मालक रोखीने घेतो. मग मी कशाच्या आधारावर पैसे सोडू? उद्या दहा जण सख्ख्या भावाला घरमालक दाखवतील. आणि मुंबईत सरकार भाडं भरतं ही बातमी पसरली की बाहेरून लोंढे येतील असं म्हणणारेही आहेतच. मी म्हणत नाही, पण सभागृहात म्हटलं जाईल.

भाची : तीन महिन्यांचं भाडं मिळावं म्हणून कुणी गाव सोडून क्षय लावून घ्यायला येत नाही. लोक कामासाठी येतात, त्या कामावर हे शहर चालतं. कागदाचं मात्र खरंच अवघड आहे. तुम्ही २००५ च्या पुराच्या वेळी मदतवाटपाच्या हिशेबात होतात ना? २६ जुलैनंतर झोपड्यांमध्ये पाणी शिरलं त्यांना मदत देताना भाडेकरार मागितला होता का?

मामा : नाही. पंचनामा केला. घर पाहिलं, शेजाऱ्यांना विचारलं, दोन पंचांच्या सह्या.

भाची : ओल्या भिंतीचा पंचनामा होतो तर थकलेल्या भाड्याचा का नाही? मतदार यादीत बेघर माणसाचं नाव घालायचं तर निवडणूक आयोगाचा कर्मचारी रात्री जाऊन तो खरंच तिथे झोपतो का ते पाहून येतो. पत्त्याचा पुरावा मागत नाहीत. म्हणजे कागदाशिवाय खात्री करणं सरकारला येतं. शेजारच्या दोन घरांत विचारायचं, मुलीच्या शाळेत पत्ता पडताळायचा, मालकिणीला भेटायचं. अर्ध्या दिवसाचं काम आहे. केरळात अतिगरीब म्हणून ६४ हजार कुटुंबं निवडली, प्रत्येक कुटुंबाचा वेगळा आराखडा केला आणि १ नोव्हेंबर २०२५ ला काम पूर्ण झाल्याचं जाहीर केलं. ते जाहीर करण्यावर तिथल्या अर्थतज्ज्ञांनी प्रश्न विचारलेत, विचारावेतच. पण घरोघरी जाऊन माणूस ओळखता येतो एवढं त्यातून कळलं.

मामा : खेड्यात पंचनामा तलाठी करतो. त्याच्यावर जबाबदारी येते, चुकला तर निलंबित होतो. मुंबईच्या वॉर्डात तलाठी कुठला? सही कोणाची?

भाची : माझी. वैद्यकीय समाजसेवकाची. माझ्यासारखे प्रत्येक मोठ्या सार्वजनिक रुग्णालयात आहेत, पदं रिकामी आहेत ती भरा. चुकीचा पंचनामा निघाला तर माझ्यावर वसुली लावा.

मामा : वसुली लावतात तेव्हा पेन्शनपर्यंत सोडत नाहीत, हे मी पाहिलंय. विचार करून बोल.

भाची : विचार केलाय. गेल्या महिन्यात औषधाची शिफारस लिहिली तेव्हाही माझीच सही होती.

मामा : मग टिपण पुन्हा लिही. ओल्गा टेलिस मागच्या पानावर टाक, पहिल्या पानावर ते वाचून कुणी पैसे देत नाही. पहिल्या पानावर तो डिपॉझिटचा हिशेब दे, तीस हजार, साडेपाच हजार, चौथा महिना. त्याखाली एक दशांश टक्का. मग अग्रधन किती, मुदत किती, सही कोणाची, वसुली कोणावर. सुरुवातीला राज्यभर नको, शिवडी-परळच्या रुग्णालयांपुरतं माग, एक वर्ष. आणि ज्यांना मदत दिली त्यांच्या गोळ्या पूर्ण झाल्या का याची नोंद पहिल्या दिवसापासून ठेव, कारण दुसऱ्या वर्षी तेच विचारतील.

भाची : एक वर्ष कमी आहे. क्षयाच्या दोन तुकड्यांचे उपचारही नीट पूर्ण होत नाहीत त्यात. दोन वर्षं लिहिते.

मामा : दोन लिही. कापून दीड करतील.